प्रश्न चुकला हे कळतं कसं?

1957 साली पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात दोन डॉक्टर एका अनोळखी आजाराच्या मागे लागले होते. व्हिन्सेंट झिगास हे तिथले सरकारी वैद्यकीय अधिकारी आणि कार्लटन गायडुसेक हे अमेरिकन संशोधक. आजार फोरे नावाच्या जमातीत होता आणि ते लोक त्याला कुरू म्हणत. आधी चालताना तोल जायचा, मग अंगाला कंप सुटायचा, पुढे बसणंही कठीण व्हायचं, शेवटी घास गिळता येईनासा व्हायचा आणि साधारण वर्षभरात माणूस जायचा. अवघी काही हजारांची जमात, आणि त्यात वर्षाला दोनशेच्या आसपास मृत्यू. मरणाऱ्यांत बहुतेक प्रौढ बायका आणि लहान मुलं-मुली. प्रौढ पुरुष क्वचितच.

रक्त तपासून झालं, मेंदूचे नमुने प्रयोगशाळेत गेले, अन्नात काही विषारी आहे का तेही पाहिलं. हाती काही लागेना. आजार ठरावीक घराण्यांत पुन्हा पुन्हा दिसतो, तेव्हा तो आनुवंशिक असावा, असं मत मग जोर धरू लागलं. बायकांमध्ये तो जास्त का, याचा खुलासा करण्यासाठी त्या जनुकाला एक वेगळं वागणंही बहाल करण्यात आलं: बायकांत ते प्रभावी आणि पुरुषांत अप्रभावी. कागदावर हे जुळत होतं. पण इतकं जीवघेणं जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून इतकं पसरेल कसं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

1961 मध्ये रॉबर्ट ग्लास आणि शर्ली लिंडनबाऊम हे मानवशास्त्रज्ञ फोरे लोकांच्या वस्तीत राहायला आले. त्यांचं काम वरकरणी अगदी साधं होतं. लोकांशी बोलून वंशावळी गोळा करायच्या. कोण कोणाचं काय लागतं, कोण कशानं आणि केव्हा गेलं, हे विचारायचं. पण विचारता विचारता दोन गोष्टी समोर आल्या. फोरे लोक ज्यांना नातलग म्हणत ते सगळे रक्ताचे नव्हते. बाहेरून आलेला माणूस बरोबर राहिला, देवाणघेवाणीत सामील झाला, की तो भाऊ किंवा काका होऊन जाई. म्हणजे ज्या 'घराण्यां'च्या आधारावर आनुवंशिकतेचा इमला उभा राहिला होता, ती घराणी जीवशास्त्राच्या अर्थानं घराणी नव्हतीच. दुसरी गोष्ट याहून मोठी. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या गावातला कुरूचा पहिला रोगी आठवत होता, नावानिशी. तो कोणत्या वस्तीकडून आला, तेव्हा आपण किती मोठे होतो, हे ते सांगत. त्या आठवणी एकापुढे एक मांडल्यावर दिसलं की आजार उत्तरेकडून आला आणि फोरे मुलखात तो शिरला त्याला जेमतेम काही दशकंच झाली होती. हयात माणसांच्या डोळ्यांदेखत आलेला आजार पिढीजात कसा असेल?

तिसरा धागा मृतांविषयीच्या चालीरीतींचा. गेलेल्या जिवलगाचं शरीर खाऊन त्याला निरोप देण्याची रीत त्या भागात होती आणि लोक त्याबद्दल मोकळेपणानं सांगत. खाण्यात बायका पुढे असत आणि आयांच्या हातून ते मुलांपर्यंत पोचे. प्रौढ पुरुष सहसा लांब राहत. इथे मरणाऱ्यांची यादी आणि खाणाऱ्यांची यादी एकमेकींवर बसली. ऑस्ट्रेलियन प्रशासनाच्या काळात ही प्रथा बंद पडली आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कुरू दिसेनासा झाला. 1966 मध्ये गायडुसेक आणि सहकाऱ्यांनी हा आजार चिंपांझीला देता येतो हे सिद्ध केलं. 1968 मध्ये जॉन मॅथ्यूज, ग्लास आणि लिंडनबाऊम यांचा कुरू आणि नरमांसभक्षण यांचा संबंध मांडणारा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 1976 चं नोबेल गायडुसेकना मिळालं. वंशावळी लिहून घेणाऱ्या दोघांची नावं आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत, आणि मला ते खटकतं.

संख्या इथेही होत्या, आणि त्या हव्याच होत्या. बायका आणि मुलंच जास्त मरतात, हे मोजणीनंच दाखवलं. पण मोजणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न होता, 'हा आजार कोणत्या कुटुंबांत आहे?' त्या प्रश्नाच्या पोटात कुटुंब म्हणजे काय याची एक व्याख्या आधीच बसलेली होती आणि ती फोरे लोकांची नव्हती. लोकांमध्ये राहून, त्यांचं ऐकून, पाहून, त्यांच्या जगण्याचा अर्थ त्यांच्याच बाजूनं लावण्याच्या या शास्त्राला गुणात्मक संशोधन म्हणतात. आकड्यांत रंग भरणारी सुरस माहिती एवढीच त्याची गणना बहुतेक अहवालांत होते: तक्ते संपले की एका चौकटीत कोणा शेतकऱ्याचे किंवा रुग्णाचे चार शब्द. माझ्या मते त्याचं खरं काम फार आधी सुरू होतं. आपण विचारतोय तो प्रश्नच चुकीचा आहे, हे लक्षात आणून देणं हे ते काम.

विल्यम फूट व्हाइट हा हार्वर्डचा तरुण अभ्यासक 1936 मध्ये बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात शिरला तेव्हा त्याच्याही डोक्यात तयार प्रश्न होता. इटालियन स्थलांतरितांची ती गरीब, दाटीवाटीची वस्ती. अशा वस्त्यांत समाज विस्कटलेला असतो, हे त्या काळचं विद्वानांचं मत. व्हाइटनं सुरुवात केली ती घरोघर जाऊन राहणीमानाची पाहणी करण्यापासून, आणि ते त्याला स्वतःलाच अवघड वाटू लागलं. पुढे त्याची गाठ एका स्थानिक तरुणाशी पडली. पुस्तकात त्यानं त्याला 'डॉक' म्हटलं आहे. डॉकनं त्याला सांगितलेलं सार असं: कोण, काय, का, कुठे असे प्रश्न विचारलेस की लोक तोंड मिटून घेतील, त्यांनी तुला आपला मानलं तर नुसता बसून राहा, न विचारताही उत्तरं मिळतील. व्हाइट एका इटालियन कुटुंबात राहिला, इटालियन शिकला आणि नाक्यावर उभा राहू लागला.

त्यानं टिपलेल्या गोष्टींत मला सर्वांत आवडते ती बोलिंगची. डॉकच्या टोळक्यातली पोरं दर आठवड्याला बोलिंग खेळत. व्हाइट गुण लिहून ठेवी. त्याच्या लक्षात आलं की गुणांचा क्रम आणि टोळक्यातल्या मानाचा क्रम जवळजवळ एकच आहे. खालच्या पायरीवरचा एखादा पोरगा एरवी झकास खेळे, पण टोळक्यासमोर सामना लागला की त्याचा हात बिघडे. तो पुढे जाऊ लागला की बाकीचे टोमणे मारून त्याला हैराण करत. म्होरक्याचा नेम चुकला तर तेच सांभाळून घेत. कौशल्याचा खेळ, पण निकाल मानपानाचा. प्रश्नावलीत कोणी विचारलं असतं, 'तुमच्या गटात पुढारी आहे का?', तर पोरांनी खांदे उडवले असते. 1943 मध्ये 'स्ट्रीट कॉर्नर सोसायटी' आलं तेव्हा 'इथे व्यवस्था का नाही?' हा प्रश्न मागे पडून 'इथली व्यवस्था चालते कशी?' हा पुढे आला होता. वस्ती विस्कटलेली नव्हतीच.

सगळ्यांना चार-चार वर्षं नाक्यावर उभं राहता येत नाही. म्हणून मुलाखत. आणि मुलाखत फसते ती बहुधा पहिल्या पाच मिनिटांत.

समजा, एखाद्या तालुक्यात गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, तरी त्यांचं रक्त कमीच राहतं. पाहणी करणारी मुलगी कागद घेऊन दारात जाते. "ताई, गोळ्या मिळाल्या?" "मिळाल्या." "घेता ना रोज?" "घेते की." खूण झाली, पुढचं घर. आता तीच मुलगी दुपारी, घरातली कामं उरकल्यावर, ओसरीवर बसली आहे आणि म्हणते, "ताई, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा ना मला." पाणी, चूल, शेतातली फेरी, सासूबाईंचा गुडघा असं बरंच येतं. गोळीचा उल्लेखच येत नाही. ती घाई करत नाही. बऱ्याच वेळानं विचारते, "त्या सिस्टरनी दिलेल्या गोळ्यांचं काय करता?" ताई जरा हसते. "डब्यात हायेत. पोटात मळमळतं, अन् आमच्या आत्याबाई म्हणत्यात, पोर लई मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल." हा प्रसंग मी रचलेला आहे, पण गोळीनं किंवा जास्त खाण्यानं बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल ही धास्ती भारतातल्या कितीतरी भागांत अभ्यासकांनी नोंदवलेली आहे.

पहिल्या वेळीही ताईला खोटं बोलायचं नव्हतं. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं होतं; 'घेता ना' या विचारण्याला सभ्य माणूस 'हो'च म्हणतो. दुसऱ्या वेळी तिला तिचा दिवस तिच्या क्रमानं मांडू दिला. आणि बघा, आरोग्य खात्यापुढचा प्रश्न केवढा बदलला. 'गोळ्या पोचतात का?' इथून तो 'बाळंतपणाच्या भीतीबद्दल, आणि घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांच्याशी, आपण काय बोलतो?' इथवर आला. गोळ्यांचा पुरवठा दुप्पट केला असता तर डबेच भरले असते.

गटचर्चेचं तंत्र वेगळं. त्याची मुळं 1940 च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट मर्टन आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी रेडिओच्या कार्यक्रमांवर श्रोत्यांची मतं ज्या रीतीनं घेतली तिच्यात आहेत. आज जाहिरात कंपन्यांपासून स्वयंसेवी संस्थांपर्यंत सगळे ते वापरतात, आणि पुष्कळदा चुकीच्या कामासाठी. गटात माणूस चारचौघांत शोभेल तेच बोलतो. समाजात काय बोलणं मान्य आहे हे जाणून घ्यायचं असेल तर गटचर्चेसारखं साधन नाही. घरात काय घडतं हे जाणून घ्यायला ती कुचकामी.

शाळेत तर प्रश्न विचारणं हाच धंदा. म्हणून शिक्षणातलं एक उदाहरण जरा सावकाश पाहू. अमेरिकेतल्या कॅरोलायना राज्यांत कापडगिरण्यांचा एक पट्टा होता. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि शिक्षिकांची तक्रार होती की काळी मुलं साध्या साध्या प्रश्नांना उत्तरं देत नाहीत. 'हा रंग कोणता?' 'चित्रात काय आहे?' मूल गप्प. शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासिकेनं 1969 पासून जवळजवळ दशकभर दोन कामगार वस्त्यांमध्ये ये-जा ठेवली. एक काळ्यांची, तिला तिनं ट्रॅकटन हे नाव दिलं, दुसरी गोऱ्यांची, ती रोडव्हिल. अंगणात, ओट्यावर, स्वयंपाकघरात मोठी माणसं लहानांशी काय बोलतात, हे ती नोंदवत राहिली.

ट्रॅकटनमध्ये तिला आढळलं की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा प्रश्न मोठी माणसं मुलांना विचारतच नाहीत. कशाला विचारायचा? ती विचारत ते 'हे कशासारखं आहे?', 'काय झालं तिथे?' असलं काही. मुलं तुलना करण्यात तरबेज होती, गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत होती. शिक्षिकांच्या स्वतःच्या घरी मात्र उलट. बाळ बोलू लागायच्या आधीपासून 'भूभू कुठाय? नाक कुठाय?' सुरू. तिथली मुलं शाळेत येत तेव्हा शाळेची बोलण्याची तऱ्हा शिकूनच येत. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतही हे 'नाक कुठाय' चालतंच, आणि ते आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की ती एका वर्गाची रीत आहे, हे मनात येत नाही.

हीथनं हे निष्कर्ष लिहून गाशा गुंडाळला नाही. शिक्षिकांनाच तिनं निरीक्षक केलं. त्या आपण कोणते प्रश्न विचारतो हे टिपू लागल्या. मग धड्याची सुरुवात त्यांनी गावातल्याच ठिकाणांच्या छायाचित्रांनी केली आणि 'इथे काय चाललंय?', 'तुम्ही कधी इथे गेलात?' असं विचारलं. मुलं बोलू लागली, ती बोलणी टेपवर घेतली, आणि मग त्याच टेपमध्ये हळूहळू शाळेच्या धर्तीचे प्रश्न आणि उत्तरंही मिसळली. 'ही मुलं मागे का?' इथून सुरू झालेलं काम 'आमचे प्रश्न कोणाच्या घरातले आहेत?' इथे पोचलं. तिचं 'वेज विथ वर्ड्‌स' हे पुस्तक 1983 चं. डी.एड.च्या वर्गात ते मराठीतून वाचायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

याच्या आधी, 1970 मध्ये, रे रिस्टनं सेंट लुइसमधल्या एका बालवर्गाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. शाळा सुरू झाल्याच्या आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचं बसवलं. कोणतीही चाचणी झालेली नव्हती. पहिल्या टेबलावर, बाईंच्या जवळ, नीटनेटक्या कपड्यांतली, प्रमाण बोली बोलणारी मुलं. मागे मळक्या कपड्यांतली आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतली. रिस्ट त्याच मुलांबरोबर दुसरीपर्यंत राहिला. मागच्या टेबलांवरचं एकही मूल सर्वांत वरच्या गटात गेलं नाही. वर्षअखेरीच्या गुणपत्रिकेत या मुलांची 'क्षमता' आकड्यात दिसते. आठव्या दिवसाची सकाळ तिच्यात दिसत नाही.

ऐकण्याची आणि मोजण्याची वाट एकत्र कशी येते ते आपल्याकडचं गडचिरोली दाखवतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं की 92 टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. तपासलेल्यांपैकी जेमतेम 8 टक्के बायकांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. हा आकडा जगभर गाजला. पण ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं धरून चालणाऱ्या काळात हे मोजायला हवं हे सुचलं कसं? राणीताईंनी बायकांचं ऐकलं म्हणून. अंगावरून पांढरं जाणं ही बायकांच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट आहे, त्या त्याचा संबंध अशक्तपणाशी कसा जोडतात, याचा अभ्यास त्यांनी वेगळा केला. 'कानोसा' या पुस्तकात ते सगळं मराठी वाचकांसाठी आहे. ऐकण्यातून प्रश्न आला आणि मोजण्यातून त्याला वजन आलं. दोघांत श्रेष्ठ कोण यावर विद्यापीठांत वर्षानुवर्षं वाद झडले. मला त्या वादात राम दिसत नाही.

तरीही एक शंका रास्त आहे. दहा-वीस माणसांशी बोलून कोणी काहीही सिद्ध करील, मग गुणात्मक अभ्यासावर विश्वास का ठेवायचा? याला शिस्तीचं उत्तर आहे. 1960 च्या दशकात बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्राऊस यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवतीचं वागणं अभ्यासलं. आपण मरणार हे कोणाला ठाऊक आहे, कोण माहीत नसल्याचं दाखवतं, परिचारिका विषय कसा टाळतात, अशी निरीक्षणं. त्या कामातून त्यांनी 1967 मध्ये एक पद्धत मांडली. मुलाखत लिहून काढायची, तुकड्यातुकड्याला ती कशाबद्दल आहे याची खूण करायची, खुणा एकमेकींशी ताडून पाहायच्या, त्यातून अंदाज बांधायचा आणि पुढचा माणूस निवडताना तो अंदाज ताडून पाहता येईल, पुढे नेता येईल असा निवडायचा. नवीन मुलाखतीतून नवं काही येईनासं झालं की थांबायचं. हे किती मुलाखतींनंतर होतं? घाना आणि नायजेरियातल्या 60 स्त्रियांच्या मुलाखतींवर 2006 मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बहुतेक मुद्दे पहिल्या 12 मुलाखतींतच आले होते. ही काही सार्वत्रिक संख्या नव्हे. त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि विषय आखीव होता.

शिस्तीचा कस लागतो तो न जुळणाऱ्या माणसापाशी. बारा जणींनी एक सांगितलं आणि तेरावीनं उलटं, तर तेरावी अपवाद म्हणून सोडायची नसते. तिच्याकडेच पुन्हा जायचं असतं. ज्या अहवालात एकही न जुळणारा माणूस नाही तो मी जरा सावधपणे वाचतो.

आणि पाहणारा स्वतः? इरावती कर्वे पंढरपूरच्या वारीत चालल्या तेव्हा त्या मानवशास्त्रज्ञ होत्या आणि वारकऱ्यांतल्या एकही होत्या. एकाच दिंडीत, एकाच अभंगात रंगलेले ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी लिहिलं, आणि आपण स्वतः कोणत्या बाजूला होतो तेही लपवलं नाही. भक्तीच्या भरात हे डोळ्याआड करणं सोपं होतं आणि लांबून पाहणाऱ्याला दिंडीतला जिव्हाळा दिसला नसता. आपण कुठे उभे राहून पाहतोय हे सांगणं हा म्हणूनच पद्धतीचाच भाग मानतात.

ऐकलेल्याचं पुढे काय करायचं, हा या शास्त्रातला सर्वांत अवघड भाग. नॅन्सी शेपर-ह्यूजेस यांनी आयर्लंडच्या ग्रामीण पश्चिमेत एका गावात राहून मनोविकार आणि तिथलं एकाकी कुटुंबजीवन यांवर 1979 मध्ये पुस्तक लिहिलं. गावाचं नाव बदललं होतं, माणसांची नावं बदलली होती. बाहेरच्या वाचकांसाठी ते पुरेसं होतं. गावातल्यांनी मात्र पानापानावर एकमेकांना ओळखलं. 1999 मध्ये त्या पुन्हा तिथे गेल्या तेव्हा गावानं त्यांना निघून जायला सांगितलं. संमती घेतली, नाव बदललं, म्हणजे काम झालं, ही समजूत या प्रसंगानं मोडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाची वेगळी दखल आहे. शंभर उंबऱ्यांच्या गावात 'एक विधवा अंगणवाडी सेविका' एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. तेव्हा काही वेळा तपशील बदलावा लागतो, दोन माणसांचं बोलणं एकत्र करावं लागतं, आणि कधी कधी मुलाखतीतला सर्वांत बोलका भाग छापायचाच नाही असं ठरवावं लागतं. लिहिण्याआधी मसुदा त्या माणसांना वाचून दाखवण्याची पद्धत आता पुष्कळ जण पाळतात. त्यात वेळ जातो, वाद होतात, काही वाक्यं कापावी लागतात. कधी कधी याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "हे सगळं खरं, पण तुम्ही आम्हाला अमुक विचारलंच नाहीत," आणि नोंदवही पुन्हा उघडावी लागते.